पत्र्यामागचा सज्जा

पोरीच्या बाळंतपणासाठी मी एप्रिलमध्ये अमेरिकेत गेली होती, त्यामुळे इतके महिने इथे काही लिहिणं झालं नाही. बाळ छान आहे, बाळाची आई छान आहे, मी ऑगस्टच्या मध्यात नागपूरला परत आली आणि आता जेट लॅगही गेला. तर आज त्या एका शनिवारबद्दल लिहायला बसली आहे, जो तेव्हापासून डोक्यातून जाऊनच नाही राहिला.

पोरगी राहते इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावात. कमिन्सच्या इंजिनाचं गाव ते, त्यामुळे रस्त्यावर मराठी कानावर पडते. हे कोलंबस आर्किटेक्चरसाठी प्रसिद्ध आहे बरं का, १९४२ चं एलिएल सारिनेनचं चर्च आहे, १९६९ ची आय. एम. पेईंची लायब्ररी आहे. कंपनीचे जे. आयर्विन मिलर होते त्यांनी ठरवलं की गावात शाळा किंवा सार्वजनिक इमारत बांधायची तर चांगला नामांकित आर्किटेक्ट घ्या, त्याची फी आमचं फाउंडेशन देईल. केवढा मोठा विचार! मी बाबागाडी ढकलत ढकलत सगळं पाहिलं आणि मनापासून आवडलंही. पण ते पाहताना असं वाटत होतं की कोणी श्रीमंत माणसाने गावाला दागिने घेऊन दिले आहेत, सुंदर आहेत, पण गावाची रोजची साडी कोणती ते काही दिसत नाही.

ती साडी मला मॅडिसनला दिसली.

जुलैमधला शनिवार होता, बाळ दोन महिन्यांचं झालं होतं, जावई म्हणाले आई, तुम्ही नुसत्या घरात बसून आहात, चला एक जुनं गाव दाखवून आणतो, तासाभराचा रस्ता आहे. दोन्ही बाजूंनी मका आणि सोयाबीन, मका आणि सोयाबीन. सोयाबीन पाहून मला एकदम उमरेड रोडवर असल्यासारखं वाटलं, फक्त माणूस एक दिसत नव्हता शेतात. मग अचानक रस्ता टेकडीवरून खाली उतरायला लागतो, झाडीतून वळणं घेत, आणि खाली ओहायो नदी, पलीकडच्या काठावर केंटकी राज्य, आणि नदीच्या नि टेकडीच्या मध्ये पट्टीसारखं बसलेलं हे गाव. १८०९ मध्ये वसलेलं, वस्ती आज बारा हजारांच्या आसपास. बारा हजार म्हणजे आपल्याकडे एखाद्या लेआउटची वस्ती झाली. पण या गावाचे १३३ ब्लॉक, म्हणजे जवळजवळ सगळं जुनं गावच, २००६ पासून राष्ट्रीय ऐतिहासिक ठिकाण म्हणून जाहीर आहे. एखादा किल्ला किंवा एखादा महाल नाही, दुकानं, घरं, गोदामं, चर्च, गल्ल्या, सगळं धरून.

मेन स्ट्रीटवर गाडी लावली आणि मी फुटपाथवर उभी राहून पाहतच राहिली. विटांच्या दोन मजली तीन मजली इमारती, एकीला एक चिकटून, मध्ये सांदसुद्धा नाही. खाली दुकान, वर माडी. अरे हे तर आपल्या नागपूरच्या जुन्या बाजारपेठेसारखंच, इतवारीसारखंच आहे की, हा पहिला विचार आला डोक्यात. माणूस खाली धंदा करायचा आणि वर राहायचा, जगभर बाजारपेठ अशीच वाढली असणार, जमीन महाग म्हणून तोंड अरुंद आणि घर मागे लांबच लांब.

फरक पाहायचा तर दुकानाच्या तोंडाशी. तिथे दुकानाच्या दर्शनी बाजूला लाकडी किंवा दगडी खांब नाहीत, बिडाचे, म्हणजे ओतीव लोखंडाचे आहेत. बारीक, नक्षीचे, रंग दिलेले. एक दुकानदारीण बाई होत्या, सत्तरीच्या असतील, जुन्या काचेच्या वस्तू विकत होत्या, त्यांनी मला हात धरून बाहेर नेऊन दाखवलं की हे पहा, वरच्या दोन मजल्यांच्या विटांचं वजन या चार बोटांएवढ्या खांबांवर आहे. विटांची भिंत असती तर तिला रुंद पाया, रुंद खांब लागला असता आणि मध्ये काचेला जागाच उरली नसती. बीड आलं म्हणून मोठमोठ्या काचा लावता आल्या, काच आली म्हणून रस्त्यावरून जाणाऱ्याला माल दिसायला लागला, आणि विजेचे दिवे नसलेल्या काळात दुकानात खोलवर उजेड जायला लागला. दार थोडं आत घेतलेलं, म्हणजे पावसात गिऱ्हाईक उभं राहू शकते आणि दोन्ही बाजूंच्या काचेतला मालही पाहू शकते. दाराच्या वर काचेची आडवी पट्टी, तीही उजेडासाठी. म्हणजे दुकानाचं तोंड तसं का आहे याला प्रत्येक ठिकाणी कारण आहे, नुसती शोभा नाही.

आणि अजून एक गोष्ट मला त्या बाईंनी सांगितली ती तर मला फारच आवडली. अमेरिकेतल्या लहान लहान गावांमध्ये इमारतींचे जे नक्षीदार दर्शनी भाग दिसतात ना, त्यातले हजारो कॅटलॉगमधून मागवलेले आहेत! याच इंडियानात, याच नदीच्या काठी, एव्हान्सविल गावात जॉर्ज मेस्करचा कारखाना होता आणि त्याच्या भावांचा दुसरा कारखाना सेंट लुईसला. १८८० नंतर या लोकांनी छापील कॅटलॉग गावोगावी पाठवले, दुकानदाराने आपल्या इमारतीची रुंदी कळवायची, डिझाइन निवडायचं, आणि रेल्वेने बिडाचे खांब नि ठोकून नक्षी उठवलेले पत्रे पेटीत बंद होऊन यायचे. गावातला सुतार ते बसवून द्यायचा. लांबून दगडाचं कोरीव काम वाटते, जवळ जाऊन टिचकी मारली की पत्रा वाजते. खांबाच्या पायाशी कारखान्याचं नाव ओतलेलं असते. मी त्यानंतर प्रत्येक खांबाशी वाकून वाकून पाहत होती, जावई लांब उभे राहून बाळाला घेऊन हसत होते.

आता मूळ गोष्ट. तिथून चार दुकानं सोडून एक इमारत होती, तिच्या विटांमध्ये ठरावीक अंतरावर गोल गोल बुजवलेली भोकं दिसत होती, रांगेने. मी विचारलं हे काय. तर बाई म्हणाल्या की तो पत्र्याचा वण आहे.

झालं असं की दुसऱ्या महायुद्धानंतर तिकडे घरोघरी गाड्या आल्या, गावाबाहेर हायवेला लागून मोठमोठी दुकानं आणि मॉल आले, पार्किंग फुकट. जुन्या बाजारातलं गिऱ्हाईक आटलं. मग दुकानदारांना वाटलं की आपली इमारत जुनाट दिसते म्हणून लोक येत नाहीत, तर १९५० आणि ६० च्या दशकात गावोगावच्या मेन स्ट्रीटवर लोकांनी आपल्या शंभर शंभर वर्षांच्या इमारतींवर ॲल्युमिनियमचे पत्रे ठोकून घेतले, वरपासून खालपर्यंत, खिडक्यांसकट. सपाट, चकचकीत, आणि त्यावर दुकानाचं नाव. कुठे कुठे तर पत्रा नीट बसावा म्हणून वरची कॉर्निसच, म्हणजे भिंतीच्या माथ्याची पुढे आलेली नक्षीदार पट्टी, कापून टाकली, खिडक्यांवरची नक्षी छिन्नीने उडवली.

हे ऐकता ऐकता मी कुठे होती सांगू? इतवारीत होती.

आमच्या माहेरच्या घराला रस्त्याकडून सज्जा आहे. होता म्हणू की आहे म्हणू, तेच तर सगळं. सागवानी, पंधरा सोळा फूट लांब, कोरलेला कठडा, खाली कोरलेले ब्रॅकेट, वर कवेलूचं छप्पर पुढे आलेलं. मागे चौक, चौकात तुळस, माजघरात बंगई, म्हणजे झोपाळा. आणि सज्जाचं सगळ्यात मोठं काम कोणतं, तर मारबत. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत, म्हणजे इडापिडा घेऊन जाणाऱ्या मोठ्या पुतळ्यांची मिरवणूक, निघायची तेव्हा अख्ख्या खानदानातल्या बाया आणि पोरं त्या सज्जात दाटीवाटीने उभी, आज्जी मध्ये पाटावर बसलेली, खालून काळी मारबत, पिवळी मारबत, बडगे, ढोल, आणि "इडा पिडा घेऊन जाय गे मारबत" असं सगळा रस्ता एका आवाजात ओरडायचा. नेहरू पुतळ्याजवळ दोन्ही मारबतींची भेट व्हायची तो कल्ला आम्हाला सज्जात ऐकू यायचा. मी सहा वर्षांची असताना कठड्याच्या दोन गजांमध्ये डोकं अडकलं होतं माझं, बाबांनी तेल लावून काढलं.

त्या सज्जावर आठ नऊ वर्षांपूर्वी एसीपी शीट लागली. खालच्या दोन्ही दुकानांना सलग मोठा बोर्ड पाहिजे होता, भाडेकरू चांगला, भाडं वेळेवर देणारा, त्याने दादाला विचारलं आणि दादाने हो म्हटलं. तेव्हा माडीवर कोणी राहतच नव्हतं. दादा मनीषनगरला राहायला गेला, मी लग्न होऊन धरमपेठेत, वर सगळा दुकानाचा माल, खोकी. लाल आणि करड्या रंगाचे चकचकीत पॅनल, त्यावर एलईडीचं नाव. तेच ॲल्युमिनियम, फक्त मध्ये प्लास्टिकचा थर असलेलं. साठ वर्षांनी आपल्याकडे आलं. आणि मी तेव्हा काही बोलली नाही, मला वाटलं पोरीच्या जातीने माहेरच्या इमारतीत कशाला बोलायचं. याचं मला आज खूप वाईट वाटते.

तर मॅडिसन. गाव वाचलं कसं, हे मी त्या दिवशी आणि नंतर घरी येऊन खूप वाचलं. एकेकाळी हे गाव इंडियानातल्या सगळ्यात मोठ्या गावांपैकी होतं. नदीतून बोटी, डुकराच्या मांसाचा प्रचंड धंदा, आणि राज्यातली पहिली रेल्वे इथूनच निघाली, १८३६ मध्ये काम सुरू झालं आणि १८४७ मध्ये इंडियानापोलिसला पोचली. जेम्स लॅनिअर म्हणून बँकर होते इथले, त्यांचा १८४४ चा बंगला नदीकडे तोंड करून उभा आहे, फ्रान्सिस कॉस्टिगन नावाच्या आर्किटेक्टने बांधलेला, आतला गोल जिना तीन मजले वर जातो आणि मध्ये खांब नाही. या लॅनिअरांनी पुढे अमेरिकेच्या यादवी युद्धात इंडियाना राज्याला दहा लाख डॉलरच्या वर कर्ज दिलं. पण मग इतर गावांना दुसऱ्या रेल्वे लाइनी मिळाल्या, धंदा तिकडे गेला, आणि मॅडिसन जिथल्या तिथे थांबलं. पाडून नवीन बांधायला कोणाकडे पैसाच नव्हता. म्हणजे आधी गरिबीने वाचवलं, हे खरं आहे आणि ते लपवायचं काही कारण नाही.

पण पुढचं काम माणसांनी केलं. १९६० मध्ये हिस्टॉरिक मॅडिसन म्हणून संस्था निघाली, पडायला आलेल्या इमारती घेऊन त्यांनी सांभाळल्या, त्यात घोड्याच्या खोगिराचा लाकडी सांगाडा बनवणारा श्रोडर कारखानासुद्धा आहे, १८७८ ते १९७२ चाललेला, आतल्या यंत्रांसकट ठेवलाय. आणि १९७७ मध्ये तिकडच्या जुन्या वास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्टने तीन गावं प्रयोगासाठी निवडली, इलिनॉयमधलं गेल्सबर्ग, साउथ डकोटातलं हॉट स्प्रिंग्स आणि हे मॅडिसन. प्रयोगाचं नाव मेन स्ट्रीट प्रोजेक्ट. मला यातली जी गोष्ट सगळ्यात पटली ती ही की त्यांनी सुरुवात इमारतीपासून नाही केली, धंद्यापासून केली. प्रत्येक गावात एक पगारी माणूस ठेवला, त्याचं काम काय तर रोज दुकानादुकानात जायचं. कोणाचा धंदा का चालून नाही राहिला, कोणत्या गाळ्यात कोणतं दुकान यायला पाहिजे, रस्त्यावर कोणत्या दिवशी कोणता कार्यक्रम ठेवायचा, बोर्ड कसा लावायचा, रंग कोणता, कर्ज कुठून. आणि मग दुकानदाराचा विश्वास बसला की त्याला सांगायचं, भाऊ, हा पत्रा काढून पाहू का? तीन वर्षं प्रयोग चालला, १९८० मध्ये त्याचं कायमचं केंद्र झालं आणि तेव्हापासून हजारांवर गावांनी हीच पद्धत घेतली.

पत्रा काढल्यावर बऱ्याच ठिकाणी खाली विटा शाबूत, खिडक्यांच्या कमानी शाबूत. फक्त ती भोकं.

आपल्याकडे हेरिटेज म्हटलं की लगेच एक भाषण सुरू होते, आपला वारसा, आपली संस्कृती, आणि ते भाषण ऐकून वाड्याचा मालक काय करणार, त्याला सात चुलत भावांत वाटे करायचे आहेत, कवेलू दर पावसाळ्याला फुटतात, भाडं जुनं, बिल्डर दारात उभा. त्याच्या हातात काय देता ते सांगा ना. तिकडे सरकार काय देते तर जुन्या नोंद झालेल्या इमारतीची नियमाप्रमाणे दुरुस्ती केली तर खर्चाच्या २० टक्के रक्कम आयकरात वजा होते, आणि अट काय, तर इमारत कमावती पाहिजे. दुकान, ऑफिस, भाड्याची घरं. स्वतः राहायच्या घराला नाही. मला आधी हे उलटं वाटलं, मग लक्षात आलं की बरोबर आहे. ज्या माडीवर भाडेकरू राहते, दिवा लागते, तिथलं गळकं छत आठ दिवसांत दुरुस्त होते. ज्या माडीवर खोकी आहेत तिथे वाळवी लागली तरी कोणाला कळत नाही. मॅडिसनमध्ये मी मुद्दाम वर पाहत होती, वरच्या खिडक्यांमध्ये पडदे, कुंड्या, एका ठिकाणी मांजर. सगळ्याच नाही, काही रिकाम्याही होत्या, पण बऱ्याच भरलेल्या. आमच्या रस्त्याला संध्याकाळी आठनंतर वर पाहा, अंधार.

अजून एक गोष्ट आपल्या कामाची आहे म्हणून सांगते. जुन्या भिंतीतल्या विटांमधल्या फटी कधीही सिमेंटने भरायच्या नाहीत. जुनी वीट मऊ असते, चुनाही मऊ, भिंतीतला ओलावा चुन्यातून बाहेर पडते. सिमेंट विटेपेक्षा कडक, ओलावा अडकते आणि मग विटेचाच चेहरा झडतो, पापुद्रे निघतात. तिकडे हे सरकारी माहितीपत्रकात १९७० च्या दशकापासून छापून आलेलं आहे. आणि आपल्या बाबांच्या पिढीपर्यंत चुन्याची घाणी कशी फिरायची, त्यात सुरखी म्हणजे विटांची भुकटी, गूळ, बेलफळाचं पाणी कसं घालायचे हे सांगणारी माणसं घरात होती. आमच्या मागच्या भिंतीला पंधरा वर्षांपूर्वी सिमेंटचा गिलावा झाला, तिथली वीट आज बोटाने उकरली जाते. चुन्याची बाजूची भिंत शंभर वर्षांची, ठणठणीत.

परत निघायच्या आधी कोर्टाची इमारत पाहिली. १८५० च्या दशकातली, वर घुमट. २००९ मध्ये, गावाला दोनशे वर्षं झाली त्याच वर्षी, दुरुस्तीचं काम चालू असताना आग लागली आणि घुमट जळून कोसळला. फोटो पाहून अंगावर काटा येते. भिंती उभ्या होत्या, तर लोकांनी तोच घुमट परत बांधला, तसाच, आणि कोर्ट परत त्याच इमारतीत भरते. मला आपल्या नागपूरच्या महाल भागातला भोसल्यांचा जुना राजवाडा आठवला, काळ्या दगडाचा, लाकडावर कोरीव काम असलेला, १८६४ मध्ये जळाला तो गेलाच. तेव्हा बांधणार कोण होतं म्हणा, राज्यच १८५४ मध्ये इंग्रजांनी घेऊन टाकलं होतं.

नागपूरला आल्यावर पहिल्याच रविवारी दादाकडे गेली. मोबाइलमधले सगळे फोटो दाखवले, त्या भोकांचेही. दादा ऐकून घेत होता, वहिनी मध्ये म्हणाली की ताई, तुम्ही आता भांडणार का. मी म्हटलं भांडत नाही, फक्त पोळ्यापर्यंत वरची एक रांग काढून पाहू, दुकानाचं नाव आहे तसं खाली राहू दे. भाडेकरूला मी स्वतः जाऊन भेटली. त्याचंही म्हणणं समजून घेतलं, दिवाळीचा सीझन तोंडावर, बोर्ड दिसला नाही तर गिऱ्हाईक पुढे जाते, समोरच्याचा बोर्ड याच्याहून मोठा. मी त्याला मॅडिसनमधले बोर्ड दाखवले, खिडकीच्या खाली, दुकानाच्या रुंदीएवढे, नजरेच्या उंचीला. तो बराच वेळ फोटो मोठा करून पाहत राहिला. मग म्हणाला, ताई, वर तसंही कोण पाहते, नाव खाली आणलं तर मला चालते, पण वायरिंगचा खर्च अर्धा अर्धा.

पोळ्याच्या चार दिवस आधी शीट लावणाऱ्या पोरांनी वरची रांग उतरवली. आतून आधी धूळ आली, मग कबुतरांची घरटी, मग सज्जा. काळा पडलेला, पण उभा. लोखंडी फ्रेमसाठी कठड्याला सात ठिकाणी बोल्ट मारलेले. सुतारबाबांना बोलावलं होतं, ते शिडीवर चढून हातोडीच्या दांड्याने एक एक ब्रॅकेट ठोकत गेले, आवाज ऐकत. नऊपैकी दोन पोकळ, वाळवीने खाल्लेले, बाकी सागवान पक्कं आहे म्हणाले. दोन नवीन करून देतो, पण नक्षी जुळवायला एक काढून न्यावा लागेल. छताची एक कडी पण बदलायची आहे, तिचा हिशोब अजून यायचा आहे. माडीवरची खोकी मागच्या खोलीत हलवली, दादाने पुढची खोली झाडून घेतली आणि मला विचारलं की एखाद्या सीएच्या ऑफिसला दिली तर किती येईल गं भाडं.

मारबतीच्या दिवशी सज्जात कोणाला उभं राहू दिलं नाही, दोन ब्रॅकेट पोकळ आहेत ना. आम्ही आतल्या खोलीच्या दारात पाट टाकून बसलो, मी, वहिनी, दादाची सून आणि तिची पोरगी, आणि तिकडे पोरीला व्हिडिओ कॉल लावून ठेवला होता, तिथे रात्र होती तरी ती बाळाला मांडीवर घेऊन जागी होती. मारबत आली तेव्हा खालून ढोलवाल्यांपैकी एकाने वर पाहिलं आणि आमच्याकडे काठी उंचावली.